एकोणीस तारखेस जग संपणार नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
नगर कार्यालय,
पहिला मजला, जिन्यासमोरील दालन.

अर्जदार : शिक्केवाल्यांची मुलगी, वय पंधरा वर्षे पूर्ण, इयत्ता दहावी, राहणार शिक्क्यांच्या दुकानामागील दोन खोल्या.

विषय : चालू महिन्याच्या १९ तारखेस जगाचा शेवट होणार नसल्याबाबत आपल्या सही-शिक्क्याचे पत्र मिळणेबाबत. (अत्यंत तातडीचे. १६ तारखेच्या सायंकाळी पाचच्या आत.)

संदर्भ : १) आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फलकावरील आपल्या कार्यालयाची सूचना.
२) अर्जदाराचा दि. ४ चा अर्ज.
३) आपल्या कार्यालयाचे दि. १२ चे उत्तर. ते अर्जदारास समजले नाही असे नाही. समजले, म्हणूनच हा दुसरा अर्ज.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे वडील रबरी शिक्के तयार करतात. आपल्या टेबलावरील गोल शिक्का, तसेच ‘पाहिले’, ‘तातडीचे’, ‘खरी प्रत’ आणि ‘नामंजूर’ हे सर्व शिक्के वडिलांच्या हातचे आहेत. म्हणजे साहेब, आपण आजवर जे जे नामंजूर केले ते आमच्याच घरातून गेलेले आहे. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. एकतीस वर्षांत वडिलांचा एकही शिक्का चूक म्हणून परत आलेला नाही, हे मात्र नोंदीस घ्यावे. घरात वडील, वडिलांची थोरली बहीण म्हणजे अर्जदाराची आत्या, आणि अर्जदार एवढीच माणसे आहेत. आई अर्जदार लहान असतानाच वारली. आत्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने ती निवडून ऐकते.

२. गेल्या महिन्यात वडिलांच्या पोटात दुखू लागले, म्हणून मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढली आणि तिच्या मध्यावर फुगवटा काढला. सायकलची ट्यूब एका जागी फुगते तसा. ही पोटातली मुख्य रक्तवाहिनी आहे आणि ती फुगली आहे, असे ते म्हणाले. वडिलांनी विचारले, फुटेल कधी. डॉक्टर म्हणाले, “आज फुटेल, दहा वर्षांनी फुटेल. तारीख माझ्याकडे नाही.” रुग्णालयाच्या पायऱ्या उतरून वडिलांनी रस्ता ओलांडला. मग एवढेच म्हणाले की, तारीख नसलेला कागद कोण घेतं.

शस्त्रक्रिया चालू महिन्याच्या १७ तारखेस ठरली आहे. १६ तारखेस सायंकाळी पाचच्या आत भरती व्हावयाचे आहे. न झाल्यास क्रमांक पुढच्या रुग्णास जातो आणि आपला पुन्हा येण्यास तीन महिने लागतात. तीन महिने थांबू नका, हे डॉक्टरांनी वडिलांच्या माघारी आत्यास सांगितले. ते त्यांनी आत्याच्या नेमक्या बंद कानात सांगितले, त्यामुळे ते अर्जदारास ऐकावे लागले.

तेव्हापासून अर्जदार भिते. हे वाक्य अर्जात शोभत नाही याची अर्जदारास कल्पना आहे. परंतु कारण दिल्याशिवाय अर्ज तातडीचा ठरत नाही, असे आपल्याच खिडकीवर लिहिलेले आहे. दुकानात वडील ठसे काढून पाहतात त्याचा ठक, ठक असा आवाज मागच्या खोलीत येतो. पूर्वी त्या आवाजामुळे अर्जदाराचा अभ्यास होत नसे. आता तो थांबला की होत नाही. थांबला की अर्जदार मनात आकडे मोजते, आणि सातावर येईस्तोवर पाय दुकानाच्या दाराशी गेलेले असतात. मग काहीतरी निमित्त सांगावे लागते. कात्री सांगून झाली, पट्टी सांगून झाली, ‘मला हाक मारलीत का’ हे चार वेळा सांगून झाले. शाळेत तर तो आवाज ऐकूच येत नाही. तेथे काय करावे, हे अर्जदारास अद्याप सुचलेले नाही.

३. आता जगाच्या शेवटाविषयी.

आमच्या दुकानास लागून घड्याळ दुरुस्तीचे दुकान आहे. तेथील गृहस्थांस सगळी गल्ली घड्याळकाका म्हणते. घड्याळकाकांनी आजपर्यंत जग संपण्याच्या दोन तारखा जाहीर केल्या होत्या. पहिली टळली तेव्हा त्यांनी हिशेबात लीप वर्षाचा दिवस धरायचा राहिला असे सांगितले. दुसरी टळली तेव्हा, वरून मुदतवाढ मिळाली, असे सांगितले. त्यानंतर गल्लीने त्यांची एवढी थट्टा केली की त्यांनी तिसरी तारीख सांगायचे नाकारले. तारीख आता मी सांगणार नाही, ती आपणहून येईल आणि लेखी येईल, असे ते म्हणाले. त्यावर अर्जदाराने चारचौघांत मोठ्याने विचारले होते की, काका, साध्या टपालाने येणार की रजिस्टर. लोक हसले, वडीलही हसले. वडिलांचा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, हे त्यावरून ध्यानी यावे.

घड्याळकाका वाईट गृहस्थ नाहीत. अर्जदाराच्या घड्याळाचा पट्टा त्यांनी दोनदा बसवून दिला आहे. ते खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तसे वाटते, आणि त्यातच सगळी पंचाईत आहे.

४. चालू महिन्याच्या १ तारखेस आपल्या कार्यालयाने गल्लीच्या फलकात एक सूचना लावली. सूचना छापील असून तारखेची जागा मोकळी आहे आणि तीत तारीख शिक्क्याने उमटवलेली आहे. फलकास काच आहे, काचेस लाकडी चौकट आहे, आणि कागद लावणाऱ्याने तो इतका वर सरकवून लावला आहे की पहिली ओळ चौकटीमागे गेली आहे. उरलेला मजकूर पुढीलप्रमाणे वाचता येतो :

“सर्व नागरिकांसाठी अंतिम दिनांक १९. त्यानंतर कोणाचीही कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. ज्यांची नोंद नसेल त्यांची जबाबदारी त्यांच्यावर राहील. हुकुमावरून.”

खाली आपला गोल शिक्का.

साहेब, हा मजकूर आपण कृपया एकदा, पहिली ओळ विसरून, रस्त्यात उभे राहून वाचावा.

घड्याळकाकांनी तो सकाळी नऊ वाजता वाचला. दहा वाजता त्यांनी दुकानातील दुरुस्तीस आलेली सर्व घड्याळे ज्याची त्याला परत केली, दुरुस्त न करताच. चौकटीमागची पहिली ओळ ‘नळजोडणीची फेरनोंदणी’ अशी आहे, हे अर्जदाराने काचेला गाल लावून, एक डोळा मिटून वाचले आणि सर्वांना सांगितले. त्यावर समोरचे शिंपी म्हणाले की, नळाचं म्हणतेस, मग ‘कोणाचीही सबब’ कशाला लिहितील गं? कार्यालये असेच लिहितात, हे उत्तर अर्जदारास घरी आल्यावर सुचले.

५. तेव्हापासून गल्ली बिथरली आहे. शिंपी मापे घेतात, पण कपडे कधी मिळतील विचारले तर ‘उरलो तर वीसला’ म्हणतात, आणि हसत नाहीत. आमच्या वर्गाची चाचणी वीस तारखेस आहे, तिचा अभ्यास कोणीही करीत नाही, पण त्यास वेगळे कारण असू शकेल. अर्जदाराच्या बाकावरील मैत्रिणीने सहावीत असताना नेलेली कंपासपेटी परत आणून दिली आणि माफी मागितली. अर्जदार गेल्या महिन्यात ‘भाकिते आणि आपण’ या विषयावर बोलून वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली आहे (प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे, तिची गरज नसली तरी). असे असूनही ती पेटी हातात घेताना अर्जदाराच्या अंगावर काटा आला. दिवसा अर्जदाराचा या तारखेवर विश्वास नाही. दिवे लागले की थोडा असतो.

परंतु खरी हकीकत वडिलांची आहे. ३ तारखेस वडिलांनी रुग्णालयाचा भरतीचा कागद चार घड्या घालून जुन्या शिक्क्यांच्या खणात ठेवला आणि आता जायचे नाही असे सांगितले. तेव्हापासून ते संध्याकाळी घड्याळकाकांच्या दुकानात जाऊन बसू लागले. दोन दिवसांसाठी पोट कशाला फाडून घ्यायचं, असे त्यांचे म्हणणे. अर्जदारास वाटले ते थट्टा करीत आहेत. मग त्यांनी कागदावर १९ लिहिले, दाढीच्या आरशासमोर धरले आणि दाखवले. वडिलांचे सगळे आयुष्य उलटी अक्षरे कोरण्यात गेले आहे, त्यामुळे ते कोणतीही गोष्ट आधी आरशात पाहतात. देवनागरी १ उलटा केला की ९ सारखा दिसतो आणि ९ उलटा केला की १ सारखा. म्हणून १९ आरशात धरले तरी १९च दिसते. महिन्यात अशी एकच तारीख आहे, जी उलटी केली तरी टळत नाही, असे वडील म्हणाले.

आत्याने हे सर्व ऐकले (त्या दिवशी तिला ऐकू येत होते) आणि ती म्हणाली, “जग बुडायचं तर बुडू दे. तू आधी दवाखान्यात जा, आणि तिथून बूड.”

६. म्हणून अर्जदाराने ४ तारखेस आपणाकडे पहिला अर्ज केला. वडील दुसऱ्या कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, पण आपल्या गोल शिक्क्यावर ठेवतील, अशी अर्जदाराची समजूत होती. तो शिक्का खोट्या कागदावर उमटत नाही असे ते नेहमी म्हणतात.

त्या अर्जाचे पुढे काय झाले ते आपणास ठाऊक नसावे, म्हणून नमूद करण्यात येते. आवक खिडकीवरील बाईंनी तो नळाच्या शाखेत जाईना आणि बांधकामाच्याही जाईना, म्हणून ‘शेवट’ हा शब्द पाहून मृत्यू नोंद शाखेत पाठवला. मृत्यू नोंद शाखेने ६ तारखेस तो परत पाठवून मृत व्यक्तींची नावे व वये नमूद करावीत असा शेरा मारला. अर्जदाराने ‘सर्व’ असे लिहून दिले. ‘सर्व’ हे नाव ग्राह्य धरता येत नाही, स्वतंत्र यादी जोडावी, असे उत्तर आले. अर्जदार जिन्यात बसली आणि वहीच्या मागच्या पानावर खरोखरच यादी करू लागली. पहिले नाव वडिलांचे लिहिले गेले. ते पाहून ती उठली, पान फाडले, बारीक तुकडे केले, आणि ते टाकायला जागा न मिळाल्याने दप्तरात घेऊन घरी आली. साहेब, त्या जिन्यात कचऱ्याचा डबा असावा.

अखेर १२ तारखेस, अर्ज फिरत फिरत जेथे पोचला त्या नळाच्या नोंदणी शाखेकडून उत्तर आले. ते असे : “आपल्या अर्जात नमूद विषयाचा अंतिम दिनांक ११ हा उलटून गेल्याने आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही.”

अर्जदार हे पत्र घेऊन गल्लीत धावत आली. फलकावर एकोणीस, पत्रात अकरा, आणि अकरा तर होऊन गेली. आता सर्वांची खात्री पटेल असे तिला वाटले. घड्याळकाकांनी पत्र दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाले की, म्हणजे मूळची अकरा होती, आणि आपल्याला आठ दिवसांची मुदतवाढ मिळाली. शिंप्यांनी मान डोलावली. म्हणजे आपल्या उत्तराने तारीख रद्द न होता पक्की झाली.

७. या परिच्छेदात अर्जदार जे लिहीत आहे त्यामुळे दुकानाचे काम आपल्या कार्यालयाकडून जाऊ शकते, याची तिला जाणीव आहे. तरी लिहीत आहे.

त्याच दुपारी इतिहासाच्या तासाला अर्जदार आपले पत्र वहीत ठेवून पुन्हा वाचत होती. ‘उलटून गेल्याने’ या शब्दावर ती थांबली. तारीख उलटते असे आपण सगळेच म्हणतो. पण शिक्केवाल्यांच्या घरात उलटणे म्हणजे वेगळे. अर्जदाराने बाकावर बोटाने १ उलटा काढून पाहिला, पुन्हा पुन्हा. बाईंनी विचारले बरे नाही का, तेव्हा अर्जदार उभी राहून “हो बाई, अकरा” असे म्हणाली, ज्यावर वर्ग हसला.

त्याचे असे झाले. गेल्या महिन्याच्या शेवटी वडील तपासणीसाठी रुग्णालयात असताना आपल्या कार्यालयाचा शिपाई दुकानात आला. सूचनेवर उमटवायला तारखेचा छोटा शिक्का हवा होता, त्याच दिवशी हवा होता. दोन अंक तर आहेत, तू कोर, असे तो म्हणाला. अर्जदारास कोरता येते. तिसरीपासून येते. चिठ्ठीवर ११ लिहिले होते. रबरावर अंक उलटा कोरला तर कागदावर सुलटा उमटतो, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. दुसरे दिवशी अर्जदाराची वक्तृत्व स्पर्धा होती, आणि कोरता कोरता ती भाषण मोठ्याने म्हणत होती. त्या भरात पहिला अंक तिने सुलटाच कोरला. दुसऱ्यापाशी भान आले आणि तो नीट उलटा कोरला. उलटा कोरलेला १ कागदावर १ उमटला. सुलटा कोरलेला १ कागदावर ९ झाला. आणि रबरावर डावीकडे असलेला अंक कागदावर उजवीकडे येतो, म्हणून अकराचे एकोणीस झाले.

नवा शिक्का दुकानाबाहेर जाण्याआधी पहिला ठसा घरच्या कागदावर काढून उजेडात धरायचा, असा वडिलांचा नियम आहे. अर्जदाराने तो ठसा काढला नाही. ती त्या वेळी ‘भाकिते ही माणसाच्या भीतीतून जन्मतात’ हे वाक्य हातवारे करून बसवीत होती.

म्हणजे साहेब, जगाच्या शेवटाची ही तारीख कोणाच्या गणितातून आली नाही की आकाशातून आली नाही. ती अर्जदाराने आणली आहे.

१२ व १३ तारखेस नळाच्या नोंदणीसाठी जे लोक मुदत एकोणीस समजून आले आणि आपल्या खिडकीवरून परत गेले, त्यांचा काही दोष नाही. अर्जदाराने त्यांना जिन्यात पाहिले. सात जण होते. एका आजींनी खिडकीवर विचारले, अहो पण काचेत तर एकोणीस आहे. आतून उत्तर आले, काच आमची शाखा बघत नाही.

८. अर्जदाराने १२ तारखेस शाळेतून आल्याबरोबर सर्व हकीकत वडिलांस सांगितली. ते कोरायच्या पातीला धार लावीत होते. त्यांनी मान वर न करता म्हटले, “मला दवाखान्यात धाडायला तू स्वतःवर घेऊ नकोस.” अर्जदाराने शपथ घेतली, रडून पाहिले, वक्तृत्वाचा आवाजही लावून पाहिला. काही उपयोग झाला नाही. फलक कुलूपबंद आहे. शिक्का आपल्या कार्यालयात आहे. पुरावा म्हणून हातात काहीच नाही.

१३ तारखेस शाळा बुडवून (आपण हे शाळेस कळवू नये) अर्जदार शिक्के सांभाळणाऱ्या बाईंकडे गेली आणि तो शिक्का अर्ध्या तासासाठी मागितला. बाई म्हणाल्या, शिक्का कार्यालयाची मालमत्ता आहे, दाराबाहेर जात नाही. आणि मुदत संपलेला असल्याने तो नष्ट करावयाच्या वस्तूंच्या यादीत गेला आहे. नष्ट कधी करणार, विचारले. बाई म्हणाल्या, तारीख ठरलेली नाही. असे वाक्य अर्जदाराने महिनाभरात दुसऱ्यांदा ऐकले, पहिल्यांदा डॉक्टरांकडून.

सबब विनंती की,
अ) जगाचा शेवट १९ तारखेस नाही असे पत्र मिळावे, किंवा
आ) सदर शिक्का नष्ट न करता अर्धा तास, शिपायाच्या देखरेखीखाली, आमच्या दुकानात पाठवावा, किंवा
इ) आपण स्वतः कार्यालयातून घरी जाताना आमच्या दुकानावरून जावे, आणि वडिलांना दिसेल असे उभे राहून एकदा हसावे. आपण हसताना पाहिले तर त्यांना वाटेल की अधिकाऱ्यांना काही काळजी नाही.

येथपर्यंतचा मजकूर काल, १३ तारखेस लिहिला होता. पुढील मजकूर आज लिहीत आहे. वरचा खोडायला हवा, पण पाच पाने पुन्हा लिहिण्याइतका वेळ नाही.

९. आज सकाळी अर्जदाराने रबराचा तुकडा घेतला आणि वडिलांच्या समोर बसून तीच चूक पुन्हा केली. मुद्दाम चूक करणे फार अवघड असते, हात आपोआप बरोबर वळतो. पहिला १ सुलटा कोरला, दुसरा उलटा. शाई लावली, कागदावर दाबला. १९ उमटले. कागद वडिलांपुढे ठेवला.

वडिलांनी कागद उजेडात धरला. मग अंकाच्या वळणावर एक बारीक रेघ बाहेर गेली होती, तिच्यावर बोट ठेवले. अर्जदाराची पाती तेथे डावीकडे घसरते. तिसरीपासून घसरते. ते म्हणाले, “ही रेघ काचेत पण आहे. मी पहिल्या दिवशीच ओळखली.”

अर्जदारास काही समजेना. तिने विचारले की, मग तारीख खोटी हे माहीत होते, तर आरशाचे कशाला सांगितले, कागद खणात कशाला घातला, घड्याळकाकांच्या दुकानात जाऊन कशाला बसत होतात.

वडील शाईची डबी बंद करीत होते. झाकण लागत नव्हते. ते म्हणाले, “ह्या तारखेत निदान सगळे होते गं. तू, आत्या, घड्याळवाला, सगळी गल्ली. सतराला मला एकट्यालाच आत नेणार.”

साहेब, येथून पुढे मला अर्जदार असे लिहिता येत नाही. क्षमा असावी.

मी पंधरा दिवस जगाच्या शेवटाशी भांडत होते. त्यावर मला बोलता येते, मी पहिली आलेली आहे. पण ज्याला आपल्यासारखीच भीती वाटते आणि जो तारखेआड लपून बसला होता, त्याच्याशी काय बोलायचे, हे कोणत्याच भाषणात नव्हते. मी म्हटले, मलाही भीती वाटते. आवाज थांबला की मी सात मोजते. वडील म्हणाले, ठाऊक आहे, म्हणून तर काम नसलं तरी ठसे काढत बसतो.

मग त्यांनी विचारले, “दारापर्यंत येशील?”

मी येईन म्हटले.

त्यांनी खणातून रुग्णालयाचा कागद काढून टेबलावर ठेवला आहे. पिशवी अजून भरलेली नाही. ती आत्या तीनदा पुढ्यात ठेवून गेली, त्यांनी तीनदा बाजूला सरकवली. मी दारापर्यंत जाणार हे नक्की झाले तर ते भरतील, असे मला वाटते. नाही झाले तर खण पुन्हा उघडेल.

आणि अडचण अशी की, त्या कागदाच्या मागे नियम छापलेले आहेत. चौथा नियम : शस्त्रक्रियेच्या मजल्यावर रुग्णासोबत एकच नातेवाईक, वय अठरा पूर्ण असलेला. आत्या सही करील, तिची ना नाही. पण तिला दोन मजले चढवत नाहीत, आणि रुग्णास आत नेताना नातेवाइकास दारातून हाक एकदाच मारतात. ती बंद कानावर पडली तर वडील तेथे पडल्या पडल्या इकडेतिकडे पाहत राहतील. ते मला डोळ्यांसमोर दिसते. एकोणीस तारखेपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते.

म्हणून वरील अ, आ आणि इ या तिन्ही मागण्या मी मागे घेत आहे. जगाविषयी आपण काही लिहू नये. त्याऐवजी रुग्णालयाच्या अधीक्षकांना एक शिफारसपत्र द्यावे की, सदर मुलगी वयाने लहान असली तरी रुग्ण सोडून घरातील ऐकू येणारी एकमेव व्यक्ती आहे, ती गोंधळ घालणार नाही, मध्ये बोलणार नाही (हे कठीण आहे, पण मी करीन), आणि तिला दारापर्यंत जाऊ द्यावे. हे आपल्या अखत्यारीत येते का, हे मला ठाऊक नाही. आवक खिडकीवरील बाई म्हणाल्या, येत नाही. पण त्याच बाईंनी माझा पहिला अर्ज मृत्यू शाखेत पाठवला होता.

तसेच नळाच्या त्या सात जणांना एकोणीसपर्यंत नोंदणी करू द्यावी. त्यांची चूक नव्हती. चूक शिक्क्याची, म्हणजे माझी होती. त्याबद्दल दुकानाचे काम काढून घेणार असाल तर ते सतरा तारखेनंतर कळवावे. आधी कळवू नये, ही हात जोडून विनंती.

वडिलांना मी येईन असे सांगितले तेव्हा तो चौथा नियम मला पाठ होता. तरी सांगितले. आपली परवानगी न घेता शब्द देऊन बसले आहे, तो खरा करणे आता आपल्या हातात आहे.

खिडकीबाहेर उत्तराची वाट पाहत उभी असलेली,
आपली नम्र,

(सही)
शिक्केवाल्यांची मुलगी
दिनांक : १४

सोबत :
१. मुद्दाम चुकवलेल्या शिक्क्याचा ठसा, एक.
२. बरोबर कोरलेल्या ११ चा ठसा, एक. (पहिला ठसा घरच्या कागदावर काढून, उजेडात पाहून मगच जोडला आहे.)
३. रुग्णालयाच्या नियमांची प्रत, चौथ्या नियमाखाली रेघ मारलेली.
४. वक्तृत्व स्पर्धेचे प्रमाणपत्र. हे परत मिळाले नाही तरी चालेल.
५. शिफारसपत्राचा मसुदा, स्वच्छ अक्षरात लिहून तयार. तारीख १६ घातली आहे. आपण फक्त सही करावी.